दर झाडाला एकच भोक

४ मार्च

कचेरीच्या रोजनिशीत तीनच रकाने आहेत: हवामान, आलेले लोक, मोडतोड. मला दिवसभरात जे सुचतं ते यांतल्या एकाही रकान्यात मावत नाही, म्हणून आजपासून ही वेगळी वही. चौतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, मुदतीआधी निवृत्त झाले, आणि घरी बसून मांजरीशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून डिसेंबरात या बागेची व्यवस्थापक झाले. कचेरीत मी एकटीच. टेबल आहे, शेगडी आहे, आणि खिडकीतून ओसे नदी दिसते. तक्रार करण्यासारखं काही नाही, हीच तक्रार.

परवा किडे जागे होण्याचा दिवस, म्हणजे चटया काढायचा दिवस. हिवाळा लागला की आपल्याकडे बांधावरच्या प्रत्येक पाइनला छातीच्या उंचीवर पेंढ्याची चटई गुंडाळतात. थंडीने वरचे किडे खाली उतरतात, ऊब बघून चटईत शिरतात, आणि मार्चात चटया काढून जाळल्या की किडे खलास. राजेसाहेबांच्या काळात बांध टिकावा म्हणून ही झाडं लावली, पुढे पणजोबांच्या वेळी बाग सगळ्यांना खुली झाली, आणि तेव्हापासून चटया चालू आहेत. एवढ्या वर्षांत एकाही माणसाने चटई उघडून आत काय आहे ते मोजलेलं नाही.

मी मोजणार आहे.

६ मार्च

हात काळे, कंबर मोडलेली, पण फार समाधान आहे.

सकाळी सातला सगळं तोमिहारा गाव बांधावर हजर. इथे प्रत्येक घराचं आपापलं एक झाड आहे, चटई काढायला त्या घरचं कोणीतरी यायचंच. जुन्या चटयांची होळी होते, तिच्या राखेत रताळी भाजतात. माझी वर्गमैत्रीण फुमी, जिची बागेच्या दारात दांगोची, म्हणजे काडीला टोचलेल्या तांदळाच्या गोळ्यांची, टपरी आहे, ती रताळ्यांची मुकादम.

चटया बांधायच्या आणि सोडायच्या कामावर तोकुझोकाका असतात. वय एकोणऐंशी. बाकीची कापणी-छाटणी नगरपालिकेने केव्हाच ठेकेदाराला दिली, काका फक्त चटयांपुरते उरलेत. मी परकर घालत होते तेव्हापासून त्यांनी मला पाहिलंय, त्यामुळे मी व्यवस्थापक वगैरे झाले याचा त्यांच्यावर काही परिणाम नाही.

"तांदूळवाल्यांची ओरिए ना तू? ये इकडे. झाडाला मिठी मार आणि दोरीचं टोक पलीकडून दे."

"काका, कोट नवा आहे. राळ लागेल."

"लागू दे की. धुतला की जाते."

"नाही जात. टर्पेंटाइन लागतं."

"शिकवते मला," असं फुमीकडे बघून म्हणाले आणि स्वतःच झाडाला वळसा घालून गेले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी दर झाडाला हाच आग्रह, ओरिए, मिठी मार. शेवटी मी ऐकूच आलं नाहीसं दाखवलं.

त्यांना एक खोड आहे. चटई काढली की जाळायला देण्याआधी ती तीनदा गवतावर आपटतात. माझी सगळी मोजणी वाया जाणार होती! चाळीस चटया तरी माझ्या पांढऱ्या चादरीवर झटका म्हणून सांगितलं. मोजून झाल्यावर चादर होळीत झटका असंही सांगितलं, तर काकांनी ती दर वेळी झाडाच्या मुळाशीच रिकामी केली. दोनदा ओरडून सांगितलं. कानाने कमी ऐकू येत असावं.

निकाल: चाळीस चटयांत पाइन खाणाऱ्या अळ्या चार. कोळी सहाशे अकरा. शिवाय अळ्या मारून खाणारे ढेकूणवर्गातले किडे दोनशेवर. म्हणजे आम्ही शंभर वर्षं शत्रूला सोडून आपलेच शिपाई जाळतोय.

आणखी एक गोष्ट नजरेला आली. चटईखालच्या सालीवर एक बारीक भोक दिसलं. टाचणीपेक्षा जाड, खिळ्यापेक्षा बारीक. शेजारच्या झाडालाही तसंच. त्याच्या शेजारच्यालाही.

९ मार्च

तीन दिवस लागले, पण सगळी एकशे शहाऐंशी झाडं पाहिली. प्रत्येक झाडाला ताजं भोक एकच. आसपास जुनी, भरून आलेली, कित्येक. सगळी छातीच्या उंचीवर, दोन बोटांच्या फरकात. असा कोणता किडा आहे जो दर झाडाला एकदाच टोचतो, आणि तोही पट्टी घेऊन? फोटो, मापं, तक्ता असं सगळं जोडून प्रांताच्या वनसंशोधन केंद्राला पत्र पाठवलं.

काकांना विचारलं, असा किडा कधी पाहिलात का.

"शिस्तीचा दिसतो," काका म्हणाले. "तुझ्या शाळेत शिकला असेल."

२५ मार्च

नगरपालिकेत उद्यान खात्याचा प्रमुख हियामा माझाच विद्यार्थी. सातवीत बेडकाला घाबरून बाकावर चढला होता, आता टाय लावतो. मी आकडे समोर ठेवले, तो उभ्यानेच वाचत राहिला. मी बस म्हटल्यावर बसला.

"तुमच्या आकड्यांपुढे कोण बोलणार, बाई? या हिवाळ्यापासून चटया बंद." मग जरा चाचरला. "फक्त तोकुझो आजोबांची नेमणूक चटयांवरच आहे. चटया नाहीत म्हणजे..."

म्हणजे नोव्हेंबरपर्यंत ठेवायचं आणि मानाने निरोप द्यायचा, असं ठरलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने थंडीत एकशे शहाऐंशी झाडांभोवती फिरायचं तेही कशासाठी, तर कोळी जाळण्यासाठी. सुटतील बिचारे.

काकांना मीच सांगितलं. ते कचेरीच्या पायरीवर विळ्याला धार लावत होते.

"बरं," म्हणाले.

मी आकडे सांगितले. पुन्हा "बरं". धार लावून झाली, विळा पुसला, मग म्हणाले, "उन्हाळाभर सकाळी माझ्याबरोबर येत जा. झाडं तरी दाखवतो."

वेळ मिळेल तसं येईन म्हटलं. एकटे असतात. किनुकाकू गेल्याला सात वर्षं झाली.

२ एप्रिल

गावच्या पत्रकात माझा लेख आला. पहिल्या पानावर! मथळा मीच दिला होता: 'आपण कोणाला जाळतो?'

टपरीवर गेले तर फुमी म्हणाली, "वाचला गं बाई. सहाशे अकरा कोळी. दांगो तोंडात असताना वाचायला नको होता."

"पण पटला ना?"

"अगं, तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार. शाळेतही तुझंच उत्तर बरोबर असायचं, म्हणून तर तुझ्याशी कोणी खेळायचं नाही."

बाकावर बसलेल्या चारपाच बायका मी आल्याबरोबर गप्प झाल्या. छापून आलेल्या माणसाबद्दल लोकांना आदर वाटतो.

१८ एप्रिल

संशोधन केंद्राचं उत्तर आलं. पत्र सभ्य आहे. 'आपण वर्णन केलेला कीटक आमच्या माहितीत नाही. खिळ्यांच्या खुणा असाव्यात. बागेत पाट्या लावण्याची पद्धत आहे का?'

पाट्या! एकशे शहाऐंशी पाट्या, दर वर्षी नव्या जागी? वाचायला माकडं येतात का? दुसरं पत्र लिहिलं, यावेळी आलेखासह. कोणी सांगावं, नवीन जातच असेल. एखाद्या किड्याला स्वतःचं नाव मिळालं तर ते नको म्हणण्याइतकी मी विनम्र नाही.

१४ जून

पावसाची झिमझिम दहा दिवस चालू आहे. लोक: दोन. मोडतोड: नाही.

काकांबरोबर फेरी मारायची आता सवयच लागलीय. त्यांना सोबत हवी असते, मलाही सकाळी दुसरं काही नसतं. आज त्यांनी मला अठ्ठ्याहत्तर नंबरच्या झाडाशी उभं केलं.

"डोळे मीट. हात लाव. आता पुढच्याला लाव. काय फरक आहे?"

"पहिलं ओलसर. दुसरं कमी ओलसर."

"वास?"

"काका, पावसात सगळ्यालाच ओल्या कुत्र्याचा वास येतो."

हसले. पण लगेच म्हणाले, "परत घे." मी परत घेतला. एकाला खरंच जरा आंबूस वास होता. तसं सांगितलं तर त्यांनी मान डोलावली, परीक्षक डोलावतात तशी, आणि पुढे चालू लागले. म्हाताऱ्या माणसांना असे खेळ लागतात. आमचे बाबा गिऱ्हाइकांना डोळे मिटून तांदूळ ओळखायला लावायचे.

कचेरीत चहा दिला तर कप हातातून निसटला. चटका बसला असेल म्हणून पुढचा निववून दिला, तरी दोन्ही हातांत धरून प्यायले. राळ, माती आणि उभं आयुष्य यांनी बोटं पार दगड झालीत त्यांची.

३० ऑगस्ट

खालच्या अंगाला कुसाबे गावात मंदिराच्या रस्त्यावरचे अकरा पाइन लाल पडले. झाडाची सुई एकदा लाल झाली की संपलं. केसाहून बारीक जंत एका भुंग्याच्या अंगावरून झाडात शिरतो आणि आतले पाणी चढायचे रस्ते बंद करतो. मेलेलं झाड हिवाळ्यात तोडून जाळलं नाही तर पुढच्या मे महिन्यात त्यातून नवे भुंगे बाहेर पडतात आणि सगळी रांग घेऊन जातात. कुसाबेची अर्धी रांग गेल्यातच जमा आहे.

मी आजच आपली सगळी झाडं दुर्बिणीतून पाहिली. एकही सुई लाल नाही. काकांना म्हटलं, बघा, एकशे शहाऐंशीपैकी एकशे शहाऐंशी हिरवी.

"दिसताहेत खरी हिरवी," काका म्हणाले, आणि नदीच्या खालच्या अंगाला वळून बघितलं. कुसाबेत त्यांचा मेहुणा असतो.

२१ ऑक्टोबर

निरोपसमारंभाची तयारी. हियामा मानपत्र आणणार, मी भाषण करणार. लिहायला घेतलं तर दुसरी ओळ तीनदा खोडली. हे अपेक्षित नव्हतं. सात महिने रोज सकाळी त्या माणसाबरोबर चालतेय, त्याच्या खोकल्यावरून आज थंडी किती ते मला कळतं. डिसेंबरापासून सकाळी मी कोणाबरोबर चालणार आहे?

काकांना विचारलं, भेट म्हणून काय हवं.

"काही नको. हिवाळा लागायच्या दिवशी एक फेरी मारू दे. तूही ये. कोट जुना घाल."

टपरीवर फुमीच्या अॅप्रनला सगळीकडे पेंढ्याच्या काड्या चिकटल्या होत्या. म्हटलं, कोंबड्या पाळल्यास का? तर म्हणाली, "हो हो, कोंबड्याच." आणि बाकावरच्या बायका खोकायला लागल्या. साथ आलेली दिसते. घरी जाऊन आलं घालून चहा घेतला.

६ नोव्हेंबर

किडा सापडला. वय एकोणऐंशी, पाय दोन, गुडघे खराब.

उद्याच्या समारंभाच्या खुर्च्या मोजायला सकाळी सहालाच आले, तर नऊ नंबरच्या झाडाशी काका वाकून उभे. हातात टोच्या. सालीवर टेकवला, तळहाताने एक ठोका दिला, काढला, फुंकर मारली आणि दहा नंबरकडे निघाले. मी तिथेच पुतळ्यासारखी उभी. दोन पत्रं, फोटो, मापं आणि तो आलेख! एका किड्यासाठी मी संशोधन केंद्राला आलेख पाठवला होता.

"काका!"

दचकले नाहीत. "आलीस? मला वाटलं होतं जूनमध्येच ओळखशील."

मग पायरीवर बसून सगळं सांगितलं. आदल्या दिवशी टोचायचं. धड झाड असेल तर दुसऱ्या दिवशी भोकाच्या तोंडाशी राळेचा थेंब येतो, बोटाला चिकटतो. आत जंत शिरला असेल तर थेंब येत नाही, वरून सुया कितीही हिरव्या असल्या तरी. उशिरा लागण झालेलं झाड वसंतापर्यंत हिरवंच दिसतं, आणि तोवर उशीर होतो. म्हणून हिवाळा लागताना बघायचं, थंडीत तोडून जाळायचं. चटई बांधायला झाडाला मिठी मारावीच लागते, तेव्हा अंगठा भोकावर ठेवायचा. वर चटई बसली की भोक झाकलं. ज्यांच्या हाताखाली काका सोळाव्या वर्षी आले त्या मुकादमाने हे शिकवलं, त्यांना त्यांच्या मुकादमाने. त्रेसष्ट वर्षांत काकांनी एकेचाळीस झाडं काढली. कागदावर लिहायचे, वादळात मोडलं.

"पण लपवायचं कशाला?"

"राजेसाहेबांच्या झाडाला टोचायची परवानगी माग, बघ किती वर्षांनी येते ती. चटईला कोण विचारतं?"

"आणि कोळी?"

"ते चाळीसएक वर्षं माहीत आहे. म्हणून तर आपटतो. बिचारे पळतात."

मला राग आला. खरंच आला. "मग मार्चात बोलला का नाहीत? मी पेपरात छापून मोकळी झाले!"

"तू कोट सांभाळत होतीस," काका म्हणाले.

पुढे जे बोलले ते मी इथे लिहून ठेवते, कारण ते त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. दोन वर्षांपासून त्यांच्या अंगठ्याला काही लागत नाही. थेंब ओला की सुका कळत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या वर्षी नुसत्या वासावर काम केलं. "एखाददुसरं चुकलं असेल. एक जरी चुकलं तरी कुसाबे होतं, पोरी. ठेकेदाराच्या पोरांना दाखवून पाहिलं, ती मोबाइल बघतात. तुझं नाक चांगलं आहे. तांदूळवाल्यांचं नाक." हे सांगताना ते हात चोळत होते. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. कचेरीच्या वेळेत रडले.

मग हियामाला फोन.

"चटया बांधायच्या. उद्या."

"बाई, पण पत्रकात तुमचाच लेख..."

"मीच लिहिलाय, मीच खोडते. आकडे बरोबर होते, हियामा, प्रश्न चुकीचा होता. आणि तोकुझोकाका कुठेही जाणार नाहीत. मानपत्राला फ्रेम केली असशील तर तुझ्याच टेबलावर ठेव."

"पण चटया आणायच्या कुठून? या वर्षी मागवल्याच नाहीत!"

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धावत फुमीकडे गेले. एका दिवसात एकशे शहाऐंशी चटया, फुमी, काहीतरी कर, घरोघर पेंढा माग, असं मी काय काय बोलत होते. ती शांतपणे टपरीमागच्या खोलीत घेऊन गेली. छपरापर्यंत चटया रचलेल्या. नव्याकोऱ्या, कडा शिवलेल्या.

"सप्टेंबरपासून विणतोय. एकच कमी पडतेय. तू आलीस की गप्प बसायचो. दम लागायचा गं."

"म्हणजे तुम्ही सगळ्या माझं ऐकणारच नव्हतात?"

"ऐकलं की. पटलंही. पण घरचं झाड थंडीत उघडं ठेवायचं, मनाला कसं पटणार? उद्या सातला आम्ही बांधणारच होतो. तू ओरडली असतीस, आम्ही खोकलो असतो."

दिवसभर काका आणि मी टोचत होतो. एकशे दहा त्यांनी, बाकीची मी. सालीतून आत कसं जायचं याचा ठोका एकदा हाताला बसला की बसतो.

७ नोव्हेंबर

हिवाळा लागला. ऊन स्वच्छ, नदीवरून गार वारा.

सातला सगळे आले. समारंभाच्या खुर्च्यांवर चटया ठेवल्या. मी काल पिशवीतून आणलेला बाबांचा दुकानात घालायचा जुना सदरा चढवला. काका पलीकडे दोरी घेऊन, मी अलीकडे. झाडाला मिठी मारायची, अंगठा भोकावर, नाक सालीला. लोकांसमोर पहिल्या दोनतीन झाडांना लाज वाटली. हियामा टाय लावून आला होता, त्याच्याकडे वही दिली. मी ओलं म्हटलं की काका दोरी ओढून गाठ मारायचे, कोरडं म्हटलं की हियामा नंबर लिहायचा आणि त्या घरचं माणूस चटई परत न्यायचं.

तेवीस कोरडं निघालं. ते न्हाव्याच्या घरचं. न्हाव्याने झाडाला वाकून नमस्कार केला आणि चटई काखेत मारून घरी गेला. मला वाटलं होतं लोक वाद घालतील, एवढं हिरवंगार झाड कसं तोडता म्हणतील. पण माझ्या चेहऱ्याकडे बघून ते काकांकडे बघायचे, काकांनी मान हलवली की झालं.

आमचं तांदूळवाल्यांचं झाड ओलं होतं. अंगठा इतका चिकटला की ओढून काढावा लागला. फुमी म्हणाली, "ओरिए हसतेय बघा, फोटो काढा."

एकसष्ट नंबर काकांच्या घरचं. बागेतलं सगळ्यात तरुण झाड. किनुकाकू लग्न होऊन आल्या त्या वर्षी दोघांनी मिळून लावलेलं. सुया दाट, तेजदार, त्याच्याइतकं देखणं झाड या बांधावर दुसरं नाही. काकांनी त्याची चटई स्वतः विणून आणली होती. मी मिठी मारली. अंगठा ठेवला.

काही नव्हतं.

जागा चुकली असेल म्हणून बोटाने चाचपलं. भोक तेच, मीच टोचलेलं. तोंडाशी नुसता भुसा. वास घेतला, परत घेतला. जूनमध्ये अठ्ठ्याहत्तर नंबरापाशी दोन झाडं हुंगली होती, त्यांतल्या एकाला होता तोच आंबूस वास, पण जास्त.

"दे टोक," पलीकडून काका म्हणाले.

मी दिलं नाही. एक क्षण मनात आलं की ओलं म्हणावं. चटई बांधू द्यावी, आणि नंतर फेब्रुवारीत वादळाचं नाव करून काढून टाकावं. त्यांचा अंगठा गेलाय, डोळे गेलेत, त्यांना कळलंही नसतं. मग लक्षात आलं की त्यांनी सात महिने मला रोज सकाळी इथून चालवलं ते मी एक दिवस असं खोटं बोलावं म्हणून नाही.

"काका, कोरडं आहे."

ते झाडाला वळसा घालून आले. माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा अंगठा भोकावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मागे सगळं गाव उभं होतं.

"मला ओलं लागतंय," ते म्हणाले.

"नाही काका." मी त्यांच्या अंगठ्याशेजारी माझा ठेवला. "कोरडं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तळहात सालीवर सपाट ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा, आणि किनुला सांगायला हवं असं काहीसं पुटपुटले. मग खाली वाकून आपली चटई उचलली, गुंडाळली, दोरीने नीट बांधली आणि फुमीच्या हातात दिली.

"तुमच्याकडे एक कमी पडत होती ना? घे." मग हियामाला म्हणाले, "लिहिलास का नंबर? एकसष्ट."

हियामा लिहीत होता. त्याच्या वहीवर पाणी पडत होतं आणि तो ते बाहीने पुसत होता.

"चल गं ओरिए," काका म्हणाले. "पुढचं."

आतापर्यंत प्रत्येक झाडाशी तेच आधी पोचत होते. या वेळी ते थांबून राहिले. मी पुढे झाले, बासष्टला मिठी मारली, अंगठा ठेवला. ओलं होतं. मोठ्याने तसं सांगितलं, दोरीचं टोक पलीकडे दिलं, आणि त्यांनी ते ओढून घेतलं.